फोन तुमचा, किल्ली कोणाकडे?

इंटर्नशिप असो की पहिली नोकरी, ऑफिसचा मेल आता आपल्याच फोनवर येतो. तो सुरू करताना आपण काय काय देऊन बसतो, आणि तेवढं न देताही काम कसं भागतं, ते समजून घेऊ या.

प्लेसमेंट झाली, ऑफर लेटर आलं, घरी पेढे वाटून झाले. जॉइनिंगच्या दिवशी आयकार्डचा फोटो, बँकेचा फॉर्म, पीएफचा फॉर्म असं सगळं उरकतं आणि मग एचआरचा एक मेल येतो : 'खालील लिंकवरून ॲप डाउनलोड करा आणि कंपनीच्या आयडीने लॉग-इन करा.' तुम्ही डाउनलोड करता. स्क्रीनवर एक यादी उलगडते. या ॲपला तुमच्या फोनचा पासवर्ड बदलता येईल, स्क्रीन लॉक करता येईल, कॅमेरा बंद करता येईल, फोनमधला सगळा डेटा पुसता येईल. खाली एक ठळक बटण. शेजारचा सिनिअर म्हणतो, 'अरे, सगळेच करतात, दाब.' आणि तुम्ही दाबता.

आता जरा आठवून बघा, त्या फोनमध्ये काय काय आहे. शाळेपासूनचे फोटो, डिजिलॉकरमधल्या मार्कशीट, यूपीआय, आजीचे व्हॉइस मेसेज, कुणाला दाखवणार नाही असं एखादं चॅट. फोन तुमच्या पैशांचा, कदाचित अजून हप्तेही चालू असतील. आणि त्यातलं सगळं पुसायची परवानगी तुम्ही अशा माणसाला दिलीत, ज्याचं नावही तुम्हाला माहीत नाही. तो आयटी विभागात कुठेतरी बसलेला असतो. तो वाईट असतो असं मुळीच नाही. पण परवानगी दिलीय, हे तुम्हाला ठाऊक तरी हवं की नको?

डबा आपापला, फोनही आपापला

एक काळ होता, जेव्हा ऑफिसचा फोन ऑफिसच द्यायचं. साहेबांच्या कमरेला ब्लॅकबेरी असायचा, तो कंपनीचा आणि त्यातला डेटाही कंपनीचा. नोकरी सोडताना फोन टेबलावर ठेवायचा, विषय संपला. २००७मध्ये आयफोन आला, पाठोपाठ अँड्रॉइड आले, आणि लोकांकडचे स्वतःचे फोन ऑफिसच्या फोनपेक्षा भारी झाले. लोक म्हणायला लागले, दोन-दोन फोन कशाला वागवायचे, यातच मेल द्या ना! कंपन्यांनाही ते बरंच पडलं, फोन विकत घ्यायचा खर्च वाचला. यालाच आयटीच्या भाषेत 'ब्रिंग युअर ओन डिव्हाइस', थोडक्यात बीवायओडी म्हणतात. डबा जसा आपापला आणायचा, तसा फोनही आपापला आणा.

फरक एवढाच, की डबा आणला म्हणून कंपनी तुमच्या स्वयंपाकघरात डोकावत नाही. फोन आणला की प्रश्न येतो : या फोनवर कंपनीचा डेटा आहे, तर कंपनीचा हक्क कुठपर्यंत आणि तुमचा कुठून?

कंपनीला एवढी भीती कशाची?

भीती खोटी नाही, हे आधी मान्य करू. सप्टेंबर २०२२मध्ये उबरच्या अंतर्गत सिस्टीममध्ये एक हॅकर शिरला. कसा? उबरसाठी कंत्राटावर काम करणाऱ्या एका माणसाच्या स्वतःच्या डिव्हाइसमध्ये मालवेअर शिरला होता. तिथून चोरीला गेलेला ऑफिसचा पासवर्ड हॅकरने बहुधा डार्क वेबवर विकत घेतला, असं उबरनेच नंतर सांगितलं. पुढे त्या माणसाच्या फोनवर 'हे लॉग-इन तुम्हीच करताय का?' अशा विनंत्या एकामागून एक येत राहिल्या. शेवटी एकदा त्याने 'हो' म्हटलं आणि दार उघडलं.

त्याच वर्षी लास्टपासचं प्रकरण घडलं. ही कंपनी लोकांचे पासवर्ड सांभाळते, म्हणजे सुरक्षा हाच तिचा धंदा. हल्लेखोरांनी तिच्या एका सिनिअर इंजिनीअरचा घरचा कॉम्प्युटर गाठला. त्यावर सिनेमे-गाणी लावायचं एक सॉफ्टवेअर होतं आणि ते अपडेट केलेलं नव्हतं. त्या फटीतून शिरून त्यांनी कीलॉगर बसवला, म्हणजे तो जे जे टाइप करेल ते सगळं नोंदवणारा प्रोग्रॅम. इंजिनीअरने मास्टर पासवर्ड टाइप केला आणि कंपनीच्या तिजोरीची किल्ली बाहेर गेली. कंपनीत ही किल्ली वापरू शकणारी माणसं होती फक्त चार.

दोन्ही ठिकाणी कंपनीची भिंत शाबूत होती. चोर शिरला तो कर्मचाऱ्याच्या खासगी मशिनमधून. म्हणून आयटीवाले तुमच्या फोनबद्दल एवढे हळवे असतात. तुम्ही मित्राकडून घेतलेली एखादी 'मॉड' गेम टाकलीत, किंवा फोन रूट केलात, तर धोका फक्त तुमचा राहत नाही.

तुमच्या फोनवर ताबा : तीन प्रकार

कंपनी फोनवर जो ताबा मागते, तो सगळीकडे सारखा नसतो. इथेच खरी मेख आहे, आणि नेमकं हेच जॉइनिंगच्या घाईत कुणी सांगत नाही.

पहिला प्रकार म्हणजे पूर्ण ताबा. जुन्या पद्धतीचं 'डिव्हाइस ॲडमिन' किंवा पूर्ण एनरोलमेंट. यात आयटीला फोनवर कुठली ॲप्स आहेत याची यादी दिसू शकते, लॉकचे नियम घालता येतात आणि अख्खा फोन कोरा करता येतो. कंपनीने दिलेल्या फोनवर हे अगदी योग्य. तुमच्या फोनवर मात्र घराची अख्खी किल्ली दिल्यासारखं आहे.

दुसरा प्रकार म्हणजे वेगळी खोली. अँड्रॉइडवर याला 'वर्क प्रोफाइल' म्हणतात आणि ही सोय २०१५पासून आहे. ऑफिसची ॲप्स एका वेगळ्या कप्प्यात जातात, त्यांच्या आयकॉनवर छोट्या ब्रीफकेसची खूण दिसते. आयटीचा अंमल त्या कप्प्यापुरता. नोकरी सुटली की ते कप्पा पुसतात, तुमचे फोटो जागच्या जागी राहतात. शिवाय संध्याकाळी घरी आल्यावर हा कप्पा 'पॉज' करता येतो, म्हणजे ऑफिसच्या नोटिफिकेशन बंद. आयफोनवर अशीच सोय २०१९मध्ये आयओएस १३पासून आली, तिचं नाव 'युजर एनरोलमेंट'. त्यात कंपनीचा डेटा वेगळ्या भागात साठतो आणि कंपनीला अख्खा फोन पुसताच येत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात हलका : फक्त ॲपपुरता ताबा. आउटलूक किंवा टीम्ससारख्या ॲपला वेगळा पिन लागतो, त्यातला मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकता येत नाही आणि गरज पडली तर त्या ॲपमधला ऑफिसचा डेटा तेवढा पुसला जातो.

एक गैरसमजही दूर करू. 'बॉस आपले व्हॉट्सॲप मेसेज वाचतो' ही कॅन्टीनमधली लाडकी अफवा आहे. मायक्रोसॉफ्ट इंट्यूनसारख्या फोन सांभाळणाऱ्या नेहमीच्या सिस्टीममधून कंपनीला तुमचे मेसेज, फोटो, कॉलची यादी किंवा ब्राउझिंगची हिस्टरी दिसत नाही. फोनचं मॉडेल, आयओएस-अँड्रॉइडचं व्हर्जन, लॉक लावलंय का, अशा गोष्टी दिसतात. धोका वाचण्यापेक्षा पुसण्याचा जास्त आहे.

आणि पुसणं म्हणजे काय, ते अमेरिकेत टेक्सासमधल्या एका कर्मचाऱ्याला विचारा. स्वतःचा आयफोन त्याने कंपनीच्या मेल सर्व्हरला जोडला होता. फेब्रुवारी २०१३मध्ये त्याने राजीनामा दिला. काही दिवसांतच कंपनीच्या नेटवर्क ॲडमिनने लांबूनच तो फोन कोरा केला. घरच्यांचे फोटो, व्हिडिओ, कॉन्टॅक्ट्स, सगळं गेलं. तो कोर्टात गेला. २०१४मध्ये फेडरल कोर्टाने त्याचे केंद्रीय कायद्यांखालचे दावे फेटाळले. त्या कायद्यांत ज्याला 'नुकसान' म्हणतात, त्यात हे बसत नव्हतं. फोटो गेल्याचं दुःख खरं, पण त्या कायद्यात त्याला रकाना नव्हता.

वाय-फाय फुकट आहे, पण…

कॉलेजच्या वाय-फायवर लॉग-इन पेज येतं आणि काही साइट उघडत नाहीत, हे तुम्ही रोज बघता. ऑफिसचं गणितही तेच. तुमचा फोन कुठल्या साइटशी बोलतोय, हे नेटवर्क चालवणाऱ्याला साधारणपणे कळतं. साइटचं नाव कळतं, त्या पानावर तुम्ही काय वाचलंत किंवा काय लिहिलंत ते कळत नाही, कारण तो मजकूर कुलूपबंद असतो. ॲड्रेसपुढे 'एचटीटीपीएस' असतं, ते याचसाठी. शिवाय सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांना आपल्या सिस्टीमच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. म्हणजे ऑफिसच्या वाय-फायवर दुसऱ्या नोकरीची साइट उघडलीत, तर त्याची नोंद सहा महिने कुठेतरी पडून असू शकते.

कुलूप उघडायचा एक रस्ता मात्र आहे आणि तो तुमच्या हातून जातो. कधी कधी वाय-फाय जोडताना 'हे सर्टिफिकेट इन्स्टॉल करा' असं सांगतात. त्यातली काही सर्टिफिकेट फक्त तुमची ओळख पटवण्यासाठी असतात, त्यांचं काही नाही. पण ते 'रूट' किंवा 'सीए' सर्टिफिकेट असेल, तर तुमचा फोन कंपनीच्या यंत्रावर पूर्ण विश्वास ठेवायला लागतो आणि ते यंत्र मधे बसून ब्राउझरमधली कुलूपबंद पानंही उघडून तपासू शकतं. कंपनीच्या लॅपटॉपवर हे सर्रास चालतं आणि त्याला कारणंही असतात. स्वतःच्या फोनवर मात्र सरळ 'नको' म्हणा.

हा बाऊ नाही. अहमदाबादच्या सायबरोम कंपनीची अशी तपासणी यंत्रं बऱ्याच ठिकाणी बसवलेली होती. २०१२मध्ये उघड झालं, की त्या सगळ्या यंत्रांत एकच सर्टिफिकेट आणि एकच गुप्त किल्ली आहे. म्हणजे आपल्या ऑफिसवर विश्वास ठेवून तुम्ही ते सर्टिफिकेट फोनमध्ये घेतलंत, तर तीच किल्ली हाताशी असलेल्या कुणालाही तुमचं कुलूप उघडता आलं असतं. बोभाटा झाल्यावर कंपनीने ते दुरुस्त केलं.

यावर सोपा उपाय : बऱ्याच ऑफिसांत पाहुण्यांसाठी वेगळं 'गेस्ट' वाय-फाय असतं. खासगी फोन त्यावर ठेवा. आयटीवाल्यांनाही ते आवडतं, कारण गेस्टचं नेटवर्क मुख्य सर्व्हरपासून तोडलेलं असतं. आणि बँकेचं किंवा अगदी खासगी काम असेल, तर आपला मोबाइल डेटा झिंदाबाद.

'ग्रुपवर टाक ना!'

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, आमच्या ऑफिसात असं काही नाही, आमचं सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. मग तर जास्तच जपा. छोट्या फर्ममध्ये, सीएच्या ऑफिसात, दुकानात, एनजीओमध्ये ग्राहकांची आधार कार्डं, बिलं, ऑर्डरी सगळं तुमच्या खासगी नंबरवर येऊन पडतं. गॅलरीत मित्राच्या हळदीचा फोटो आणि शेजारी कुणाचं तरी पॅन कार्ड! तुमचा फोन हरवला, तर हरवणार त्या माणसाची कागदपत्रं.

मोठ्यांनाही हे महाग पडलंय. बँकर लोक कामाचं बोलणं खासगी फोनवरच्या व्हॉट्सॲपवर करत होते आणि बँकेकडे त्याची नोंद राहत नव्हती, म्हणून डिसेंबर २०२१मध्ये अमेरिकेच्या नियामकांनी जेपी मॉर्गनला २० कोटी डॉलरचा दंड केला. पुढच्या वर्षी आणखी बऱ्याच बड्या वित्तसंस्थांवर मिळून शंभर कोटी डॉलरहून जास्त दंड बसला.

फील्डवरच्या नोकऱ्यांत आणखी एक मुद्दा येतो, तो लोकेशनचा. एमआर, सेल्स, कर्जवसुली, सर्व्हे अशा कामांत हजेरीचं ॲप असतं आणि ते 'कायम लोकेशन' मागतं. ड्युटीच्या वेळेत तुम्ही कुठे आहात, हे कंपनीने विचारणं समजू शकतं. रविवारी रात्री तुम्ही कुठे आहात, याच्याशी तिचा संबंध काय? फोनच्या सेटिंगमध्ये 'फक्त ॲप वापरताना' असा पर्याय असतो, तो निवडा. ॲप त्यावर चालतच नसेल, तर सुट्टीच्या दिवशी लॉग-आउट करायची मुभा मेलवर मागा. मुलींनी तर हे नक्कीच बघावं, कारण लोकेशन पाहणारा वरिष्ठ कोण आहे, हे आपल्याला माहीत नसतं.

कायदा काय म्हणतो?

खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ला एकमताने सांगितलं. २०२३मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५मध्ये त्याचे नियम आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय. पण त्यातलं सातवं कलम नोकरी धरणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. नोकरीच्या कारणासाठी, किंवा कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी, मालक तुमचा डेटा तुमची वेगळी संमती न घेताही वापरू शकतो, अशी मुभा त्यात आहे.

२०००च्या आयटी कायद्याचं ४३वं कलम सांगतं, की मालकाच्या परवानगीशिवाय कुणी त्याच्या कॉम्प्युटरमधली माहिती पुसली, तर भरपाई द्यावी लागेल. यातला 'परवानगीशिवाय' हा शब्द अधोरेखित करा. पहिल्या दिवशी घाईत दाबलेलं ते बटण, किंवा पॉलिसीवर न वाचता केलेली सही, हीच परवानगी असं उद्या कंपनी म्हणू शकते.

फ्रेशरने बोलायचं कसं?

खरी अडचण इथे आहे. प्रोबेशनवर असलेल्या पोराने किंवा पोरीने 'मी ॲप टाकणार नाही' म्हणायचं? लगेच शिक्का बसेल, ही भीती रास्त आहे. म्हणून नकार देऊ नका, पर्याय मागा. 'सर, माझ्या फोनवर वर्क प्रोफाइलमध्ये सेटअप करून मिळेल का?' एवढं एक वाक्य पुरतं. सेटअप करणाऱ्याला लगेच कळतं, की समोरच्याला विषय माहीत आहे. आयटीतल्या माणसालाही तुमचे ट्रिपचे फोटो पुसायची हौस नसते. उद्या भांडण झालं, तर त्याचीही डोकेदुखीच.

तेही जमत नसेल, तर मेल फक्त लॅपटॉपवर बघता येईल का, ते विचारा. घरात एखादा जुना फोन पडला असेल, तर तो कामासाठी ठेवा. मात्र त्यावर सिक्युरिटी अपडेट येत असायला हवेत, नाहीतर रोगापेक्षा औषध जालीम. आणि काम पूर्णपणे फोनवरचंच असेल, तर फोन किंवा रिचार्जचा भत्ता मागण्यात गैर काहीच नाही. कॅलिफोर्नियातल्या अपील कोर्टाने २०१४मध्ये म्हटलंय, की कामासाठी स्वतःचा फोन वापरावाच लागत असेल, तर बिलाचा वाजवी वाटा मालकाने द्यावा. तो निकाल आपल्याकडे लागू नाही, पण विचारायला कोण अडवतंय?

बटण दाबण्याआधी

• ही कुठल्या प्रकारची एनरोलमेंट आहे : अख्खा फोन, वर्क प्रोफाइल, की फक्त ॲप? मेलवर विचारा, उत्तर जपून ठेवा.

• नोकरी सोडताना काय पुसणार, कधी पुसणार आणि आधी कळवणार का?

• स्क्रीनवर 'सगळा डेटा पुसता येईल' असं दिसलं, तर तिथेच थांबा आणि स्क्रीनशॉट काढा.

• फोटो आणि कॉन्टॅक्ट्सचा बॅकअप आजच घ्या, तोही आपल्या खासगी अकाउंटवर. ऑफिसच्या आयडीवर घेतलेला बॅकअप नोकरीबरोबरच जातो.

• ऑफिसचे पासवर्ड खासगी गुगल अकाउंटमध्ये सेव्ह करू नका. २०२२मध्ये सिस्कोत आणि २०२३मध्ये ऑक्टात चोर याच रस्त्याने शिरले.

• लॉग-इनची विनंती तुम्ही स्वतः लॉग-इन करत नसताना आली, तर 'नाही' दाबा आणि आयटीला कळवा. दहा वेळा आली, तर दहा वेळा नाही.

• फोन हरवला, तर लाज न बाळगता त्याच तासाला ऑफिसला सांगा. पोलिसांत तक्रार नोंदवून 'संचार साथी' पोर्टलवरून हँडसेट ब्लॉक करता येतो.

• आधीच बटण दाबून झालंय? अँड्रॉइडवर सिक्युरिटी सेटिंगमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स' आणि आयफोनवर जनरलमध्ये 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट' उघडून बघा. कुणाला काय दिलंय, ते तिथे लिहिलेलं असतं. जुन्या इंटर्नशिपचं काही राहिलं असेल, तर त्यांना कळवून काढून टाका.

ही शेवटची गोष्ट करायला दोन मिनिटं लागतात. पुढच्या लेक्चरआधी फोन उघडून बघाच.